चार टायर आणि विशे सरांचे दोन गुडघे

सायकलवाल्यांकडं किस्से फार साठतात. कारण साधं आहे. मोटरसायकल पंक्चर झाली की माणूस शिव्या घालत एकटा ढकलत जातो. सायकल पंक्चर झाली की चारही जण थांबतात, एक जण टायर काढतो आणि उरलेले तिघं अर्धा तास बोलत उभे राहतात. असं रविवारमागून रविवार चाललं की सायकल राहते बाजूला आणि किस्सेच पुढं जातात.

आम्ही चौघं. मी अनंता, भातसानगरला धरणाच्या ऑफिसात नोकरीला. विशे सर, किन्हवलीजवळच्या आपल्याच गावात हेडमास्तर. काशादादा, ज्याचं शहापूरला एसटी स्टँडच्या मागं पंक्चरचं दुकान आहे. आणि रुपेश, मुरबाडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. रुपेशनं टायरवरचे जेवढे व्हिडिओ बघितलेत, तेवढा वेळ सायकल चालवली असती तर आज काश्मीरला असता.

तसा मी लगेच हादरणारा माणूस नाही. धरणाचे दरवाजे उघडताना शेजारी उभा राहिलोय. पण त्या एका थंडीत या तिघांनी मला जे दाखवलं, त्यानं माझा उघडा पडलेला जबडा अजून नीट मिटलेला नाही.

* * *

आधी गुडघ्यांचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

सप्टेंबरात एकदा मी सरांच्या शाळेत गेलो होतो. शाळेला तीन पायऱ्या आहेत. सर दोन्ही हातांनी खांब धरून, एकेक पाय उचलून त्या तीन पायऱ्या चढत होते. मी बघतच राहिलो. आदल्याच रविवारी याच माणसानं मला डोळखांबच्या चढावर मागं टाकलं होतं.

"सीटवर बसलो की दुखत नाय रे," सर म्हणाले. "उतरलो की संपलं."

कल्याणच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की दोन्ही गुडघ्यांत काही शिल्लक नाही. जानेवारीत ऑपरेशन. त्यानंतर सायकल चालवायचीच असेल तर घरातली, एका जागी उभी असते ती. रस्त्यावरची विसरा.

सरांनी ऑपरेशनला हो म्हटलं. फक्त एक गोष्ट मागितली. थंडीत दर महिन्याला शहापूरहून दोनशे किलोमीटरची एक राइड निघते. सकाळी सहाला निघायचं, किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत माळशेज चढायचा, ओतूरला कार्डावर शिक्का घ्यायचा आणि त्याच रस्त्यानं परत. साडेतेरा तास मिळतात. आपल्या माणसांची गाडी मागं ठेवायची नाही, वाटेत जे मिळेल त्यावर भागवायचं. संध्याकाळी साडेसातच्या आत आलात तर मेडल. सात एकतीसला आलात तर चहा.

"तीस वर्षं पोरांच्या गळ्यात मेडलं घालतोय," सर म्हणाले. "एक माझ्या गळ्यात पडू दे. मग कापा काय कापायचे ते गुडघे."

हे सरांच्या घरी चाललं होतं आणि दारात उभ्या राहून वहिनी, म्हणजे सरांची बायको, ऐकत होत्या. "जानेवारीच्या तारखेला हात लावायचा नाय," एवढंच त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटायला आत गेल्या.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं की काही झालं तरी जानेवारीच्या आधीच्या तिन्ही राइडांना मी सरांबरोबर जाणार.

* * *

पहिल्या राइडला सरांच्या सायकलला साधे टायर होते. दुकानदार त्यांना क्लिंचर म्हणतात. बाहेर टायर, आत ट्यूब. फायदा असा की ट्यूब कुठंही मिळते आणि पंक्चर कुणालाही काढता येतं. तोटा असा की काढावं लागतं.

त्यात तो काट्यांचा सीझन. भात कापून झालं की आमच्याकडं त्याच ओलीवर वाल पेरतात. गुरं तेव्हा मोकाट सुटलेली असतात, म्हणून वालाला काटेरी कुंपण लागतं. बोरीच्या फांद्या तोडायच्या, मोळी बांधायची आणि दोरीनं रस्त्यावरून फरफटत न्यायची. मोळी शेतात पोचते. निम्मे काटे रस्त्यावर राहतात.

किन्हवली सोडलं आणि सरांचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली. दोनशे मीटरवर पुढचं बसलं. पुन्हा मागचं. मग ठिगळं सुरू झाली. दोन किलोमीटरमध्ये पाच पंक्चर. इतक्या पंक्चरांनंतर शांत माणूससुद्धा शांत राहत नाही, आणि हे तर हेडमास्तर.

पाचवं काढून निघालो तर वळणावर दोन बायका मोळ्या ओढत चाललेल्या. सरांनी सायकल आडवी घातली.

"अगो, रस्ता काय तुमचा एकटीचा हाय? पाच पंक्चर झाले माझे! कुणाच्या शेतावर चाललंय हे?"

एकीनं दुसरीकडं बघितलं. दुसरीनं पदर नीट केला.

"मास्तर, वालाचं कुंपण हाय."

"ते दिसतंय मला. कुणाच्या वालाचं?"

"तुमच्याच. वयनींनी काल सांगावा धाडला. म्हनल्या, आयतवारी उरकून टाका, मास्तर सायकलवर जानार हायेत, घरात लुडबुड नसंल."

टोकावड्याला पोचलो तेव्हाच इतका उशीर झाला होता की साडेसातच्या आत परत येणं शक्य नव्हतं. कुंपण मात्र झकास झालं होतं. त्या वर्षी एक जनावर आत शिरलं नाही.

* * *

यावर रुपेशनं उपाय आणला तो सॉलिड टायर. आत हवाच नाही, नुसतं भरीव रबर. खिळ्यावर घाला, काचेवर घाला, पंक्चर व्हायचा प्रश्नच नाही.

"सरांना देण्याआधी कुणीतरी ट्राय करायला पाहिजे," रुपेश म्हणाला आणि तिघांनी माझ्याकडं बघितलं.

बसवायलाच काशादादाला दोन तास लागले. शेवटी तो टायरवर उभा राहिला, मी चाक धरलं आणि रुपेशनं पहारीनं टायर आत ढकलला. काशादादा घाम पुसत म्हणाला, "हा आता तुज्याबरोबरच जानार अनंता, निघायचा नाय."

दुसऱ्या दिवशी मला सासुरवाडीला डोळखांबला जायचं होतं. बायकोनं तिच्या आईसाठी घरच्या म्हशीच्या दुधाचं दही दिलं, झाकणाच्या बरणीत. बरणी पाठीवरच्या पिशवीत टाकली आणि निघालो.

पंक्चर झालं नाही, हे आधी सांगतो. पण रस्त्यावरचा एकेक खडा मला दाढेत कळत होता. हात बधिर झाले. डोळ्यांसमोरचं सागाचं एकेक झाड दोन-दोन दिसायला लागलं. हवेचा टायर खड्डा स्वतः गिळतो, हा जसाच्या तसा तुम्हाला आणून देतो. दहा किलोमीटरनंतर मी उभ्यानंच चालवायला लागलो.

सासूबाईंनी बरणी उघडली आणि आत बघतच बसल्या. मग बरणी माझ्यापुढं धरली. खाली पातळ ताक, वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "घुसळून आनलंत ते बरं केलंत. पन लोनी काढून घरी तरी ठेवायचं व्हतं."

* * *

दुसऱ्या राइडसाठी मग रुपेशनं कुठूनतरी जुनी चाकं मिळवली. त्यांना ट्यूब्युलर टायर. मोठ्या शर्यतींत असलेच वापरतात म्हणे. ट्यूब टायरच्या आतच शिवून टाकलेली असते आणि अख्खा टायर चाकाला डिंकानं चिकटवायचा. वजनाला हलका, चालायला असा मऊ की सर पहिल्या फेरीनंतर म्हणाले, "रस्ता नवीन केला का रे?"

तोटा काय, ते काशादादानं दाखवलं.

राइडच्या चार दिवस आधी सरांचं पुढचं चाक बसलं. त्यांनी ते दुकानात टाकलं आणि शाळेत गेले. काशादादानं टायर चाकावरून सोलून काढला, उलटा केला, आत हात घालायला गेला तर आत जायला वाटच नाही. सगळीकडून शिवण.

आम्ही पोचलो तेव्हा त्यानं ब्लेडनं वीतभर शिवण उसवली होती.

रुपेश किंचाळला. "दादा, अहो टायर फाडलात तुम्ही!"

"फाडला नाय, उसवलाय," काशादादा म्हणाला. "ज्यानं कोनी गोधडीसारखा शिवलाय त्यानं आत जायाला भोक ठेवलंच नाय, त्याला मी काय करू?"

मग त्यानं ट्यूब बाहेर ओढली, ठिगळ लावलं, आत सारली आणि पोती शिवायच्या दाभणानं सुतळी ओवून टायर परत शिवून टाकला. रुपेश आधी कपाळ धरून बसला होता. मग त्यानं मोबाइल काढला, एक व्हिडिओ लावला आणि माझ्यापुढं धरला. कुठल्यातरी परदेशी दुकानात एक म्हातारा अगदी हेच करत होता. फक्त त्याचा दोरा बारीक होता.

आम्ही दोघांनीही मान खाली घातली. काशादादानं काहीच ऐकवलं नाही, उलट चहा मागवला. त्या आनंदात टायर परत कशानं चिकटवला हे विचारायचं आमच्याकडून राहून गेलं.

* * *

विचारायला हवं होतं.

त्या दिवशी आम्ही सुरेख गेलो. सुतळीची गाठ खाली आली की चाक टक् करायचं, तेवढंच. माळशेज चढला, ओतूरला शिक्का मिळाला, हाताशी एक तास जादाचा होता. सर चक्क गुणगुणत होते.

परतीला घाट उतरायला लागलो. दुपारचं ऊन, सततचा उतार आणि रिमवर दाबून धरलेले ब्रेक. रिम तापलं. तिसऱ्या वळणावर माझ्या डोळ्यांदेखत सरांचा पुढचा टायर चाकावरून एका बाजूला सरकला, निघाला आणि सरांच्या पुढं धावायला लागला.

डाव्या हाताला दरी. सरांनी सायकल उजवीकडं डोंगराच्या बाजूला घातली आणि गवतात आडवे झाले. मी धावत गेलो. गुडघे सोडून सगळं ठीक होतं, आणि गुडघे आधीपासूनच ठीक नव्हते.

मी काशादादाला फोन लावला. "दादा, टायर कशानं चिकटवला होता?"

"चपलेचा सोल चिकटवतो त्या सुलेशननं," तो म्हणाला. "का? माजी चप्पल दोन वर्सं निघाली नाय."

"दादा, चपलेला ब्रेक नसतो!"

त्या दिवशी काशादादानं दुकान बंद केलं आणि दोन दिवस उघडलं नाही. त्याला खरोखर लागलं होतं.

सर एसटीनं घरी आले. सायकल टपावर आणि सुटलेला टायर गळ्यात, कारण तो धरायला हात मोकळा नव्हता. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सत्कार कुनी केला?" त्यांनी विचारलं.

पण सर आत गेल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. पडले ना?" मी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. "आता एकच राइड राह्यली. जाऊ द्या त्यांना. नाय म्हनलं तं आयुष्यभर माज्याकडं बघत बसतील."

* * *

शेवटच्या राइडला ट्यूबलेस. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. आत ट्यूब नाही, टायर रिमला घट्ट बसतो आणि आत दुधासारखा पातळ सीलंट ओततात. काटा शिरला की सीलंट भोकात येऊन सुकतो आणि हवा जाते तेवढीच जाते. बसवायला कटकट, वर सीलंट दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. पण बोरीच्या काट्याला यासारखा उतारा नाही.

टायर आले. सीलंटची बाटली आली नाही. कुरियरवाला भिवंडीत आहे, एवढंच चार दिवस कळत होतं.

पाचव्या दिवशी काशादादाचा फोन आला. "सायकल तयार हाय. सरांना सांग, फेरी मारून या."

"बाटली आली?"

"या तं खरं."

सर शहापूरहून किन्हवलीपर्यंत जाऊन आले. आल्यावर त्यांनी आमच्यासमोर टायरमधून काटे उपटले. अकरा. एकेका काट्यामागं पांढरा थेंब यायचा आणि जागीच आळायचा. हवा जशीच्या तशी. रुपेश गुडघ्यांवर बसून बघत होता. "दादा, कुठला ब्रँड आहे हा?"

काशादादानं दुकानामागचं झाड दाखवलं.

फणस. त्यानं झाडाला कोयता मारून वाटीभर चीक काढला होता, पाणी घालून फेटला होता आणि दोन्ही टायरांत ओतला होता. मी त्या झाडाकडं बघितलं, मग टायरकडं, मग पुन्हा झाडाकडं. सर हसून हसून खुर्चीत कलंडले.

आठवडाभर सायकल उभी राहिली. पुढच्या रविवारी सर सीटवर बसले आणि सायकल उड्या मारायला लागली. आतला चीक खाली जमून तिथंच थिजला होता. टायर उघडावा तर तोही रिमला असा बसलेला की काढताना फाटला. काशादादाची चार बोटं त्यात अडकली ती खोबरेल तेलाची अर्धी बाटली ओतल्यावर सुटली. गिऱ्हाइकं उभी राहून बघत होती.

तो हात पुसत पुसत विचार करत होता. शेवटी म्हणाला, "चूक माजीच. झाड मऊ गऱ्याच्या बरक्या फणसाचं हाय. कडक गऱ्याच्या काप्याचा चीक घ्याया पायजे व्हता."

बाटली दुसऱ्या दिवशी आली. टायर पुन्हा मागवावे लागले.

* * *

आता शेवटचं सांगतो.

डिसेंबरअखेरची राइड. जानेवारीची तारीख ठरलेली, कल्याणच्या दवाखान्यात खाट राखून ठेवलेली. नवे ट्यूबलेस टायर, खरा सीलंट. सरांनी दोन जादा ट्यूबही घेतल्या होत्या, कारण टायर फाटलाच तर ट्यूबलेसमध्येही ट्यूब घालून पुढं जाता येतं. त्यातली एक सकाळीच माझ्या चाकात गेली. माझे साधे टायर, मी चाक खड्ड्यात घातलं, आणि माझी जादाची ट्यूब निघाली जुनी, विरलेली. सर म्हणाले, "घे रे, मला कुठं लागनार."

माळशेज त्यांनी दात चावून चढला. ओतूर वेळेत. घाट उतरताना मी मागून त्यांच्या पुढच्या चाकावरची नजर काढली नाही. सरळगाव. किन्हवली. पावणेसहा वाजले होते. मी मनात म्हटलं, झालं.

किन्हवलीपुढं रस्त्याचं काम चाललेलं होतं, कडेला खडी पसरलेली. समोरून डंपर आला, सर कडेला उतरले आणि फट् असा आवाज झाला. पांढरा सीलंट सरांच्या पाठीपर्यंत उडाला. मागच्या टायरची बाजू दोन बोटं फाटली होती. तेवढं भोक कुठला सीलंट बुजवणार? आम्ही आतून चॉकलेटचा कागद लावून ट्यूब घातली. ट्यूब त्या फटीतून फुग्यासारखी बाहेर आली आणि दोन किलोमीटरवर फुटली.

सव्वासहा झाले होते. शहापूर नऊ किलोमीटर. माझ्या चाकातली ट्यूब काढून दिली असती, पण तीही त्याच फटीतून बाहेर येऊन फुटली असती. माझं अख्खं चाक त्यांना बसत नाही, ब्रेकच वेगळे. माझी सायकल देऊन बघितली. ती लहान, तिच्यावर गुडघा पूर्ण वाकवावा लागतो आणि तिथंच त्यांचं दुखणं. दहा पावलं गेले आणि उतरले.

"जा तू," सर म्हणाले. "तुजी राइड पूर्ण कर."

"मी जात नाही."

"अनंता, मी काय ल्हान हाय का? मिळालं नाय तं नाय मिळालं." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. ती ट्यूब मी सकाळी घेतली नसती तरी फुटलीच असती, हे मला कळत होतं. तरी मला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

रस्त्याच्या कडेला खळं होतं. एक म्हातारा आणि त्याची सून उजेड होता तोवर पेंढ्याची उडवी रचून घेत होते. म्हातारा काठी टेकत आला.

"मास्तर ना तुमी? काय झालं?"

"टायर फाटला, बाबा. साडेसातच्या आत शहापूर गाठायचं व्हतं."

म्हाताऱ्यानं वाकून फटीत बोट घातलं. "मंग पेंढा भरा ना."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"आमच्या टायमाला ट्यूब कोनाला मिळत व्हती?" तो म्हणाला. "मी लगनाला गेलो तं पेंढा भरून गेलो, आलो तं पेंढा भरून आलो."

"स्वतःच्या लग्नाला?" मी विचारलं.

"मंग काय तुज्या?"

सून पेंढ्याची कवळी घेऊन आली. म्हातारा तिच्यावर खेकसला. "त्यो नको, त्यो जाड हाय, मोडंल. झिणी भाताचा आन. मऊ ऱ्हातो." ती परत गेली. कुठल्या भाताचा पेंढा कुठल्या ढिगात आहे हे तिला अंधुक उजेडातही ठाऊक होतं. बसून तिनं पेंढा पिळून दोर वळला, दोन्ही तळव्यांनी, झपाझप. म्हातारा तो टायरमध्ये अंगठ्यानं ठासायचा. मी टायर धरून होतो.

सात वाजायला सात-आठ मिनिटं असताना सर सीटवर बसले. चाक फिरलं, खसखस असा आवाज आला, पण फिरलं. मी मागून दिवा दाखवत होतो. दर वळणावर फटीतून पेंढ्याच्या काड्या उडून माझ्या तोंडावर येत होत्या. सर एकदाही मागं वळले नाहीत.

शहापूरला मंगल कार्यालयाच्या अंगणात टेबल मांडलं होतं. काशादादा, रुपेश, वहिनी, तिघंही रस्त्यात येऊन उभे होते. सरांनी कार्ड टेबलावर ठेवलं. टेबलावरच्या मुलानं घड्याळ बघितलं, सात सत्तावीस लिहिलं, शिक्का मारला आणि मेडल त्यांच्या गळ्यात घातलं. सरांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. काशादादा सरळ रडायला लागला.

मग त्या मुलाचं लक्ष मागच्या चाकाकडं गेलं. त्यानं अंगठ्यानं टायर दाबला. पुन्हा दाबला. "काका, कुठला टायर आहे हा? क्लिंचर की ट्यूबलेस?"

"झिणी," सर म्हणाले.

तो मोबाइलवर शोधायला लागला.

सर खुर्चीत बसले होते, वहिनी त्यांचे बूट काढत होत्या. सायकल कुंपणाला टेकवून ठेवलेली. मागून एक मोकाट गाय आली, तिनं चाक हुंगलं आणि फटीतून बाहेर आलेला पेंढा ओढून खायला लागली. ओढला की चाक फिरायचं आणि पुढचा पेंढा बाहेर यायचा. आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. वहिनी एक बूट हातात घेऊन उठल्या. "हाड! हाड!"

सरांनी त्यांचा हात धरला.

"खाऊ दे गो तिला," ते म्हणाले. "मला आता कुठं जायचंय."